टेस्ट लिहिताना या चुका टाळा, नाहीतर जुनाच बग परत येईल

"काल तर बरोबर चालून राहिलं होतं नं!" नागपुरात परसोडीचा आयटी पार्क असो की मिहान, रिलीजनंतर, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर, हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, एक गोष्ट दुरुस्त करताना दुसरी मोडली. आजचा कोड चालतो का, हे हाताने तपासूनही कळतं. पण पुढे दुसरं कोणी त्याला हात लावेल तेव्हा काय तुटलं, हे लगेच कळायला टेस्टच लागते, म्हणजे कोडला ठरावीक आकडे देऊन उत्तर बरोबर येतं का हे आपोआप तपासणारा छोटा कोड.

बग दुरुस्त केला, टेस्ट लिहिलीच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कळमना मार्केटमधल्या अडत्याचं बिलिंग सॉफ्टवेअर आहे, असं धरा. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. संत्र्याची गाडी पहाटे ४ वाजता उतरली आणि लगेच बिल बनलं, तर सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. एरवी ते कोणाच्या लक्षात येत नाही. १ एप्रिलला मात्र ते बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. कोणीतरी भारतीय वेळ वापरून हे दुरुस्त करतं. काही महिन्यांनी रिपोर्टचं काम करताना दुसऱ्या कोणाला ती ओळ फालतू वाटते आणि ती उडते. हे कळणार कधी, तर पुढच्या एप्रिलला!

म्हणून कोडला हात लावण्याआधी १ एप्रिल, पहाटे ४ ही वेळ देऊन टेस्ट लिहा आणि ती लाल (फेल) होताना बघा. मग दुरुस्ती करा. हिरवी (पास) झाली की दोन्ही एकाच कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या एकाच नोंदीत, टाका. एकदाही लाल न झालेल्या टेस्टवर माझा विश्वास नाही, कारण ती तो बग पकडते याचा काहीच पुरावा नसतो. यासाठी तारीख काढणाऱ्या फंक्शनला (कोडच्या तुकड्याला) वेळ बाहेरून द्यावी लागते. ते स्वतःच घड्याळ बघत असेल, तर टेस्ट दुपारी पास आणि पहाटे फेल होईल.

फक्त सोपे आकडे तपासले

१००० रुपयांवर ५ टक्के म्हणजे ५० रुपये, ही टेस्ट काहीच पकडत नाही. काठावरचे आकडे घ्या. सीजीएसटी (केंद्रीय वस्तू व सेवा कर) कायद्याच्या कलम १७० नुसार ५० पैसे किंवा जास्त असले की कर वरच्या रुपयात जातो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या राउंड फंक्शनला मात्र २.५ दिले तर उत्तर २ येतं, कारण बरोब्बर अर्ध्यावरचा आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत मॅथ राउंड ३ देतं. कोड एका भाषेतून दुसरीत नेला की हिशेब असा गुपचूप बदलतो.

जीएसटीच्या दरांचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांच्या बऱ्याच वस्तू ५ टक्क्यांवर आल्या. कोडमध्ये १२ चे नुसते ५ केले, की त्याआधीच्या बिलावरचा माल परत आल्यावर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी नोंद) चुकीच्या दराने निघते. २१ आणि २२ तारखेची एकेक टेस्ट हे तिथल्या तिथे दाखवते.

"जुना कोड आहे, चालतोच की"

४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच नष्ट झालं. त्यात एरियान ४ मधला, वर्षानुवर्षं चाललेला कोड होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या लहान जागेत मावला नाही. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन ती यंत्रणा तपासलेलीच नव्हती.

जुन्या प्रोजेक्टला एकदम शंभर टक्के कव्हरेज (प्रत्येक ओळ टेस्टखाली) द्यायला जाऊ नका, टीम दमते. ज्या फाइलला आज हात लावायचा आहे, ती सध्या काय उत्तर देते तेवढं टेस्टमध्ये नोंदवा. मग बदल करा.

सगळंच मॉक केलं

मॉक म्हणजे टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी ठेवलेली नकली गोष्ट. डेटाबेस मॉक, हिशेब मॉक. मग टेस्ट फक्त मॉकच तपासते. पेमेंट गेटवेसारख्या बाहेरच्या गोष्टी मॉक करा, स्वतःचा हिशेब खराच चालू द्या.

लाल टेस्टची सवय

"परत चालव, होते हिरवी." असं म्हणायला लागलात की खरा बगही याच वाक्याखाली निघून जातो. बहुतेक वेळा दोन टेस्ट एकच डेटा वापरतात आणि क्रम बदलला की भांडतात. प्रत्येक टेस्टने आपला डेटा आपण बनवावा. लगेच जमत नसेल तर ती टेस्ट बाजूला काढून कोणाच्या तरी नावावर तिकीट (कामाची नोंद) टाका. बाकीच्या टेस्ट प्रत्येक मर्जच्या (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या) आधी आपोआप चालल्या पाहिजेत आणि एक जरी लाल असली तरी मर्जचं बटण बंद राहिलं पाहिजे, रिलीज त्याच संध्याकाळी असलं तरी.