जोडीदार गमावलेल्या व्यक्तीसोबत काम करताना : समुपदेशकांसाठी मार्गदर्शन

जोडीदाराच्या मृत्यूनंतर समुपदेशकाकडे येणारी स्त्री अनेकदा स्वतःहून आलेली नसते. मुलगा किंवा मुलगी तिला घेऊन येते आणि ‘आई अजून रडतेच आहे, तिला जरा समजवा’ असे सांगते. नातेवाइकांचे म्हणणे थोडक्यात ऐकून घ्यावे, त्यांना बाहेर बसण्याची विनंती करावी आणि तिला स्पष्ट सांगावे की येथे रडणे थांबवण्याची घाई नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने ‘आता तुम्हालाच धीर धरायचा आहे’ असे बजावल्यामुळे तिला घरात दुःख व्यक्त करायला जागाच उरलेली नसते, आणि ती जागा मिळवून देणे हे आपले पहिले काम आहे.

पहिल्या भेटीत मृत व्यक्तीविषयी विचारावे: त्यांचा स्वभाव, त्यांचे काम, घरात त्यांना काय म्हणत. त्यानंतर मृत्यूची हकिकत तिच्या गतीने सांगू द्यावी. रुग्णालयातील शेवटची रात्र किंवा बातमी देणारा फोन याविषयी ती तेच तेच पुन्हा सांगत असेल, तरी ‘हे आधी सांगितलेत’ असे म्हणू नये, कारण मृत्यू खरोखर घडला आहे हे मनाला पटण्याची वाट बहुतेकदा त्या पुनरावृत्तीतूनच जाते.

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्था अनेकांना पाठ असतात. परंतु ती मांडणी मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादातून आली होती. त्या शिडीवर सल्लार्थीला उभे करून ‘आता तुम्ही रागाच्या पायरीवर आहात’ असे सांगणे मला अपायकारक वाटते, कारण ज्यांचे दुःख त्या क्रमाने जात नाही त्यांना आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते. शोकाचे अभ्यासक मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांची १९९९ मधील मांडणी प्रत्यक्ष कामात अधिक उपयोगी पडते. तिच्यानुसार माणूस कधी गमावलेल्या व्यक्तीकडे वळतो आणि कधी बदललेल्या आयुष्याच्या कामांकडे, आणि या दोन्हींमधील ये-जा हीच सावरण्याची रीत असते. म्हणून सत्रात आठवणींइतकीच वारसनोंद, निवृत्तिवेतन, बँकेचे खाते, मुलांची फी यांचीही चर्चा व्हावी. जी केवळ कागदपत्रांतच बुडाली आहे तिला आठवणींकडे हळूच नेता येते, आणि जी केवळ फोटोसमोर बसून असते तिला आठवड्यात एखादे छोटे बाहेरचे काम ठरवून देता येते.

सर्वांत जास्त वेळ अपराधभावाला द्यावा लागतो. ‘दवाखान्यात आदल्या दिवशीच नेले असते तर’ या वाक्यावर ‘तुमचा काही दोष नाही’ असे उत्तर लगेच दिले, तर ती गप्प होते, पण मनातला आरोप तसाच राहतो. त्याऐवजी त्या दिवसाचा क्रम तिच्यासोबत सावकाश मांडावा: त्या क्षणी तिला काय माहीत होते, डॉक्टरांनी काय सांगितले होते, निर्णय कोणाचा होता. आज कळलेल्या गोष्टींवरून तेव्हाच्या निर्णयाला दोष दिला जातो आहे हे तिला स्वतःला दिसले, तरच ओझे हलते.

आपल्याकडे या अपराधभावाला दहाव्याच्या विधीचाही संदर्भ असतो. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही तर जमलेली मंडळी ‘त्यांची काही इच्छा राहिली आहे’ असे म्हणतात, घाटावर घाईघाईने वचने दिली जातात आणि अखेरीस दर्भाचा कावळा करून विधी पुरा होतो. त्या वेळच्या बोलण्याचा सल कित्येक महिने राहू शकतो, म्हणून दहाव्याला काय घडले हे जरूर विचारावे. श्रद्धा खरी की खोटी या वादात पडू नये. ‘कोणती इच्छा राहिली असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न बहुधा नात्यातील अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीपर्यंत नेतो, आणि ती गोष्ट पतीला उद्देशून लिहिलेल्या पत्रात मांडता येते.

कुंकू, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र यांविषयीही विचारावे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले, तरी अनेक घरांत ही सौभाग्यचिन्हे काढण्याचा निर्णय अजूनही तिला न विचारताच घेतला जातो. पतीच्या मृत्यूसोबत सवाष्णपणाचा मानही गेल्याचे दुःख वेगळे असते, आणि तिने काय घालावे याचे मत समुपदेशकानेही लादू नये. संक्रांतीचे हळदीकुंकू, लग्नाचा वाढदिवस, पितृपंधरवडा आणि वर्षश्राद्ध या दिवसांची आखणी आधीच्या सत्रात करावी: कोण सोबत असेल, कुठे जायचे, काय टाळायचे.

‘मलाही त्यांच्याकडे जायचे आहे’ हे वाक्य ऐकल्यास आत्महत्येचा विचार आहे का, काही योजना आहे का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. धोका दिसल्यास तिला एकटे सोडू नये, विश्वासू नातेवाइकाला सोबत घ्यावे आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही द्यावा. गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ किंवा सतत तिचेच विचार यांमुळे दैनंदिन जगणे ठप्प झाले असेल, तर दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाच्या विकाराचा विचार करावा लागतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने, तर अमेरिकी मनोविकारशास्त्र संघटनेच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी किमान बारा महिने उलटलेले असावे लागतात. समाजाच्या रीतीला धरून असलेला शोक केवळ लांबला म्हणून त्याला विकार म्हणू नये.

समुपदेशन थांबवणे हाही तिच्यासाठी एक वियोगच असतो. म्हणून शेवटची तारीख काही सत्रे आधी तिच्याशी बोलून ठरवावी, भेटींमधील अंतर हळूहळू वाढवावे आणि शक्य असल्यास एक भेट वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी.