नोटीस आली? या चुका टाळा

सोलापुरात ‘नोटीस’ हा शब्द रोज कानावर पडतो. घरपट्टी थकली की महापालिकेची, हप्ते थकले की बँकेची, सुताचे पैसे अडकले की व्यापाऱ्याच्या वकिलाची. नोकरी सोडणाराही नोटीसच देतो. पण सगळ्या नोटिशींना एकच न्याय लावून लोक एकतर घाबरतात, नाहीतर कागद कपाटात टाकून विसरतात. आधी तीन गोष्टी बघा: कोणी पाठवली, कोणत्या कलमाखाली, आणि मुदत किती.

सगळ्यात महागात पडते ती पाकीट न घेण्याची चूक. ‘घेतलीच नाही, तर लागू कशी होईल?’ असं बरेचजण छातीठोकपणे सांगतात. पोस्टमन पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो, खाली तारीख टाकतो आणि पाकीट परत जातं. पत्ता बरोबर असेल तर कोर्ट साधारणपणे नोटीस बजावली गेली असंच धरतं. म्हणजे मुदत तर सुरू झाली, आणि आत काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊकच नाही! पाकीट घ्या, पोहोचपावतीवर सहीसोबत तारीख टाका. रिकामं पाकीटही जपा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे पुरावा म्हणून लागतो.

चादर-टॉवेलच्या धंद्यात पुढच्या तारखेचे चेक सर्रास चालतात, तिथली चूक उलट बाजूची, म्हणजे नोटीस पाठवणाऱ्याची. चेक न वटता परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक-हुंडीचा कायदा) कलम १३८ ची लेखी नोटीस पाठवावी लागते. ‘शेठ, पुढच्या आठवड्यात नक्की’ यावर विसंबून माणूस थांबतो आणि महिना उलटतो. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा बँकेत भरा. परत आला तर नव्याने ३० दिवस मिळतात. नोटिशीत चेकचीच रक्कम अचूक लिहा, व्याज-खर्च त्यात मिसळू नका. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची.

बँकेची सरफेसी कायद्याखालची (थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याच्या कायद्याखालची) नोटीस ६० दिवसांची असते. शाखेत जाऊन तोंडी विनवण्या करण्यात हे दिवस घालवू नका. लेखी हरकत द्या, तिला १५ दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. भाडं थकलं म्हणून आलेल्या घरमालकाच्या नोटिशीला मुदत ९० दिवसांची.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, तरीही उत्तर द्याच. कोर्टाचं समन्स असेल तर तारखेला हजर राहा, नाहीतर दावा एकतर्फी चालतो.

वडिलोपार्जित जागेची ‘जाहीर नोटीस’ पेपरात दिसली, तर भावकीत नुसती चर्चा नको. त्यात दिलेल्या मुदतीत, ती नोटीस देणाऱ्या वकिलाकडे उताऱ्याच्या प्रतीसह लेखी हरकत पोचवा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.