संध्याकाळचा टीव्ही कमी कसा करावा

टीव्ही विकून टाका, केबल तोडा, असले सल्ले मला अजिबात पटत नाहीत. घरात वयस्कर माणसं असतील तर चार दिवसांत नवा टीव्ही येतो. टीव्ही राहू दे. मोडायची आहे ती सात ते साडेदहाची सलग बैठक.

आधी प्रत्येकाने मनापासून आवडणारी एकच मालिका निवडावी. बाकीच्या सशुल्क वाहिन्या पॅकमधून काढा; २०१९ पासून वाहिन्या एकेक निवडून घेता येतात. जेवताना टीव्ही बंद.

आता खरा अवघड भाग: उठायचं कधी? ‘हा भाग संपला की बंद करू’ असं ठरवूच नका. मी कितीतरी दिवस इथेच अडकत होते. भागाचं शेवटचं मिनिट तुम्हाला धरून ठेवण्यासाठीच रचलेलं असतं. दार वाजतं, सगळे दचकून वळतात, उंबऱ्यात कोण उभं आहे ते दाखवत नाहीत, आणि श्वास घेईपर्यंत पुढची मालिका सुरू! तेव्हा उठणं कुणालाही जड जातं. म्हणून शेवटच्या जाहिराती लागल्या की उठा. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे उठायची संधी रोज मिळतेच. चुकलेल्या शेवटाची काळजी नको, उद्या ‘मागील भागात’ म्हणून तोच आधी दाखवतात. आणि रिमोटने नाही, भिंतीवरचं बटण बंद करा.

उठल्या उठल्या मोबाईल हातात आला तर सगळं मुसळ केरात. तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावूनच मालिकेला बसा. ‘काहीतरी वाचू’ हे ठरवणं नव्हे. पुस्तक खूण घालून खुर्चीवर, पेटी उघडून, कॅरम सोंगट्या लावून, असं आधीच मांडून ठेवा. शोधाशोध करावी लागली की पाय पुन्हा सोफ्याकडे वळतात.

सासूबाईंचा किंवा आजोबांचा टीव्ही मात्र परस्पर बंद करू नका. दिवसभर घरात एकट्या असलेल्या माणसाला तेवढीच सोबत असते. त्यांची मालिका त्यांच्या शेजारी बसून बघा आणि जाहिराती लागल्या की शतपावलीला बरोबर घेऊन जा. सोबत द्यायला वेळ नसेल, तर त्यांच्या रिमोटला हात लावायचा हक्क तुम्हाला नाही.

भारताचा सामना असेल त्या दिवशी यातलं काही पाळू नका, सगळे मिळून बघा.