कॅम्पसचं वीज-पाणी वाचवताय? मग या चुका टाळा

विद्यापीठाच्या देखभाल विभागात बरीच वर्षं काढली. दरवर्षी नवी समिती येते, त्याच चुका नव्या दमाने करते आणि वर्षअखेरीस बिल बघून आमच्याकडे डोळे वटारते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पोस्टरपासून सुरुवात

माझी सगळ्यात नावडती चूक. एका वर्षी प्रत्येक नळावर 'पाणी जपून वापरा'चे स्टिकर लागले. बिल जागचं हललं नाही. समितीने निष्कर्ष काढला, मुलं ऐकत नाहीत. मी म्हटलं, आधी मीटर बघू.

संध्याकाळी सगळ्या टाक्या भरून घेतल्या, पंप बंद केले आणि रात्री दोनला टॉर्च घेऊन मीटरच्या चेंबरवर गेलो. वसतिगृहं झोपलेली, प्रयोगशाळांना कुलपं, आणि काटा आपला मजेत फिरतोय. दोनचं रीडिंग घेतलं, चारचं घेतलं. फरक 9,000 लिटर. तासाला साडेचार हजार, तेही वापरणारं कोणी जागं नसताना. मग एकेका इमारतीचा व्हॉल्व्ह बंद करत गेलो. तिसऱ्या वसतिगृहाशी काटा थांबला.

जमिनीखालच्या टाकीचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह, अडकला होता. टाकी अखंड वाहत होती, पण ओव्हरफ्लोचा पाइप कोणीतरी हुशारीने थेट ड्रेनेजला जोडलेला, त्यामुळे बाहेर टिपूसही दिसत नव्हता. किती महिने हे चाललं होतं, देव जाणे. दुरुस्तीला लागलं काय, तर एक बॉल कॉक आणि अर्धा तास.

तेव्हापासून जिथे जमेल तिथे ओव्हरफ्लोचं तोंड मी मुद्दाम येण्याजाण्याच्या वाटेवर काढतो. कोणाच्या खांद्यावर धार पडली की दहा मिनिटांत तक्रार येते. याच्याइतका भरवशाचा अलार्म मला अजून मिळालेला नाही. आणि महिन्यातून एकदा रात्रीचं रीडिंग. नवख्यांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना मोबाइलवर रंगीत आलेख हवा असतो. आलेख जरूर लावा, पण चेंबरचं झाकण कोणाला तरी उचलावंच लागतं.

'थोडंसंच तर गळतंय'

नळाखाली मोजपात्र धरा. मिनिटाला 100 मिलिलिटर म्हणजे दिवसाला 144 लिटर. फ्लशची गळती त्याहून वाईट, कारण ती मुकाट असते. टाकीत खायचा रंग टाका आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय.

सरसकट सेन्सर

हालचाल दिसली नाही की दिवे बंद करणारे हे सेन्सर. स्वच्छतागृहात माणूस आत बसलेला असताना दिवे गेले, की दुसऱ्या दिवशी सेन्सरवर चिकटपट्टी दिसते. जिन्यात, कॉरिडॉरमध्ये, स्टोअररूममध्ये लावा. बाकी ठिकाणी आधी तिथे काम करणाऱ्यांना विचारा.

एसी 18 वर

साध्या कॉम्प्रेसरच्या एसीत 18 लावल्याने खोली लवकर थंड होत नाही, नुसती जास्त थंड होते. मग लोक खिडकी उघडतात.

पंप पूर्ण वेगात, व्हॉल्व्ह अर्धा बंद

ॲक्सिलरेटर दाबून वर ब्रेकही दाबण्याचा हा प्रकार. वेग 80 टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मी लागते. पण हा हिशेब पंख्यांचा आणि बंद पाइपांतून गोल फिरणाऱ्या पाण्याचा. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला तो जसाच्या तसा लावून मोकळे होऊ नका. तसं करणारे मी पाहिलेत.

प्रयोगशाळेला हात न लावणं

'ते संशोधन आहे' म्हणून समिती दारातूनच परत फिरते. आत कंडेन्सरला, म्हणजे वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या काचेच्या नळीला, नळाचं पाणी रात्रभर चालू असतं. मिनिटाला एक लिटर धरलं तरी बारा तासांत 720 लिटर थेट बेसिनमध्ये. वर कधी रबरी नळी निसटते आणि सकाळी खालच्या मजल्याचं छत ठिबकत असतं. बादली, बर्फ आणि तेच पाणी गोल फिरवणारा छोटा सबमर्सिबल पंप, एवढ्यात बहुतेक कामं भागतात. नळीला क्लिप मात्र लावा.

फ्यूम हुड म्हणजे रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारं, सरकत्या काचेचं कपाट. या हुडची काच कायम खाली हवी, कारण तो खोलीतली थंड केलेली हवाच बाहेर फेकतो. अर्थात वीज वाचते ती हवेचा प्रवाह काचेबरोबर कमी होणाऱ्या हुडमध्ये. जुन्या, एकाच वेगाच्या हुडमध्ये काच खाली करणं हे सुरक्षिततेसाठी. आणि आत रसायनं असताना वीज वाचवायला हुडच बंद करणाऱ्या महाभागांना मी प्रयोगशाळेत पाऊलही ठेवू देणार नाही.

आधी सोलर, मग हिशेब

सोलर लावाच, पण त्याआधी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी विजेचा लोड बघा. कोणी नसताना जे चालू आहे, त्याच्यासाठी पॅनल कशाला घ्यायचे? आम्ही असा लोड बघितला तेव्हा रिकाम्या सभागृहाच्या एसीचा मोठा ब्लोअर घोंघावत सापडला. टायमर 'मॅन्युअल'वर होता, तीन महिन्यांपूर्वीच्या एका कार्यक्रमापासून. कोणी केला म्हणून सगळ्यांवर ओरडून झालं. मग लॉगबुक उघडलं, तर खाली सही माझीच.