सीओपीडीच्या दाव्याचं अपील: आधी पीएफटीचा कागद वाचा

अमेरिकेत माजी सैनिकाच्या सीओपीडीला (श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) माजी सैनिक व्यवहार विभागाने अपंगत्वाचे कमी टक्के दिले, तर अपील ठोकण्याआधी पीएफटीचा, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीचा, अहवाल काढा. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा) अपेक्षित मूल्याच्या ७१ ते ८० टक्के असेल तर अपंगत्व १० टक्के, ५६ ते ७० ला ३०, ४० ते ५५ ला ६० आणि ४० च्या खाली १००. घरी ऑक्सिजन लावावा लागत असेल तरीही १००.

आकडा ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनलिका रुंदावणारं औषध) दिल्यानंतरचा धरतात. पण औषधानंतर तो उलट घसरला असेल, तर आधीचा धरायचा असतो, आणि गफलत नेमकी इथेच होते. डीएलसीओ (फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो, हे मोजणारी चाचणी) केलीच नसेल तर ती का निरुपयोगी ठरली असती, हे तपासणाऱ्या डॉक्टरने लिहिलेलं हवं. नुसती मोकळी जागा म्हणजे तुमच्या हातातला मुद्दा.

अहवाल बरोबर, पण टक्के चुकीचे लावले असतील तर फॉर्म २०-०९९६ (वरिष्ठ पातळीवरच्या फेरतपासणीचा अर्ज) भरा. त्यात नवा कागद जोडता येत नाही, हे विसरून बरेच जण फसतात. नवी चाचणी हाती असेल तर २०-०९९५, म्हणजे पुरवणी दावा. दोन्ही निर्णयपत्राच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत. पुरवणी दावा नंतरही चालतो, पण मग मागच्या तारखेपासूनचे पैसे सहसा बुडतात.