तार सा लावताना गळा आवळायचा, तो असा सुटला

अंबाजोगाईला गाणं शिकते, पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. मध्य सप्तकात, म्हणजे मधल्या सुरांत, आवाज मोकळा लागायचा. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आला की मानेच्या शिरा ताठ, हनुवटी वर आणि सूर चिरका.

बाईंनी हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवायला सांगितला. सूर चढला की तिथं दगड लागायचा! जिभेचं मूळ आवळत होतं. जीभ ज्या हाडाला जोडलेली असते, त्यालाच स्वरयंत्र टांगलेलं असतं. जीभ ओढली की तेही वर खेचलं जातं. "जोर लावू नको गं, जबडा सोड," बाई म्हणायच्या.

मग पहाटे तानपुऱ्यावर आधी खर्ज, म्हणजे खालचे सूर, मंद्र पंचमापर्यंत (खालच्या प पर्यंत) सावकाश. नंतर ओठ फुर्रर्र करत सा ते सा. ओठ थांबले की समजायचं, श्वास अडला. त्याच मोकळेपणानं आकार, म्हणजे नुसत्या 'आ'वर गाणं, अंगठा तिथंच ठेवून. हा अंगठा फार मोलाचा, आरशाच्या आधी सांगतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घसा लवकर सुकतो, म्हणून माठातलं पाणी घोटघोट.

आता एकादशीच्या भजनात वरचा सा सहज लागतो. तार गंधाराला, म्हणजे त्याहून वरच्या ग ला, जबडा अजून धरतो, त्यावर रियाज चालू आहे. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मात्र कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.