भामट्यांचे फोन थांबवायचेत? आधी आईला फोन कापायला शिकवा

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी एक काळ असा होता की आईच्या फोनवर दिवसाला चार-पाच भामटे हजेरी लावायचे. सकाळी केवायसी, दुपारी कुरिअरमधलं पार्सल, संध्याकाळी विमा. यावर सल्ला देणारेही गल्लोगल्ली. कुणी म्हणे ट्रूकॉलर घाल, संपलं. कुणी म्हणे कानात शिट्टी फुंक. एकाने तर कचकचीत शिव्या घालायला सांगितलं. शिव्या मी घालून बघितल्या. पुढच्या तासात त्याच गड्याचे अकरा फोन आले. इथे माणूस फोन उचलतो आणि बोलतो, एवढं त्याला कळलं, की नंबर त्याच्या लेखी कामाचा झाला. 'फोन नको असतील तर नऊ दाबा' असं रेकॉर्डिंग सांगतं, तेही म्हणूनच दाबायचं नाही.

फोनमधलं काम दहा मिनिटांत उरकतं. जाहिरातींचे फोन बंद करायला (यालाच डीएनडी म्हणतात) 1909 ला इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट 0' असा एसएमएस टाका किंवा तिथेच फोन करा. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन अनोळखी कॉल गप्प करा. सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा आणि ओळखीचं नसलेलं तिथूनच कळवा.

याने भामटे थांबतील असं मात्र समजू नका. डीएनडी ही नियम पाळणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, चोर काही यादी बघून फोन लावत नाही. नंबर ब्लॉक करणं म्हणजे हरळी वरवर कापणं, चार दिवसांत दुसरीकडून उगवते. त्यापेक्षा तक्रार करा. नुसती जाहिरात असेल तर 1909 वर सात दिवसांच्या आत, आणि फसवायचा प्रयत्न असेल तर संचार साथीतल्या 'चक्षू'मध्ये.

आपल्या सीमाभागात एक फायदा आहे, तो घ्या. समोरचा आपलं मराठी ऐकतो आणि आपल्याला पुण्या-कोल्हापूरचं धरून चालतो. एकाने आईला सांगितलं, 'महावितरणमधून बोलतोय, आज रात्री साडेनऊला लाइट कापणार.' बेळगावात लाइट कर्नाटकच्या हेस्कॉम कंपनीची, महावितरण इथे काय कापणार, कपाळ? दुसऱ्याने लाडकी बहीणचा हप्ता अडकलाय म्हणून आधार नंबर मागितला. लाडकी बहीण महाराष्ट्राची, आपल्याकडे कर्नाटकची गृहलक्ष्मी योजना आहे, हे त्या बापड्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हसायला बरं आहे, पण एवढ्यावर विसंबू नका. उद्या हेस्कॉमचं नाव घेऊन चोख कन्नडमध्येही फोन येईल.

आता खरं अवघड काम: घरातल्या मोठ्या माणसांना फोन मध्येच कापायला शिकवणं. यात मी वर्षभर चुकत होतो. आईच्या पिढीला समोरचा बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे दारात आलेल्याला पाणीही न विचारता हाकलणं वाटतं. त्यात तो 'माताजी' म्हणतो.

मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ओरडलो. 'कितीदा सांगितलं, उचलू नको म्हणून!' याचा परिणाम एकच झाला. आई मला फोनबद्दल सांगायची बंद झाली. मग एका दुपारी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होताहेत आणि गॅस कुणी बंद करेना, म्हणून शेजारच्या काकू आत आल्या. आई आतल्या खोलीत कडी घालून चाळीस मिनिटं 'सीबीआय'शी बोलत होती. व्हिडिओवर खाकीतला साहेब. तुमच्या आधारवर गुन्हा आहे, घरात कुणाला सांगितलंत तर मुलाला उचलू. काकूंनी दार ठोठावून ठोठावून उघडायला लावलं आणि तिच्या हातातून फोन काढून घेतला म्हणून पासबुक वाचलं.

त्या दिवशी मला कळलं. त्या साहेबाला हवा असतो तो एकांत, आणि माझ्या ओरडण्याने तो मीच त्याला तयार करून दिला होता. म्हणून पहिला नियम तुमच्यासाठी आहे, आईसाठी नव्हे: ओरडायचं नाही. पैसे गेले तरी नाही. 2025 च्या मार्चमध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात अशा फोनांच्या छळापायी एका वृद्ध जोडप्याने जीव दिला. तेव्हापासून घरात यावर मी आवाज चढवत नाही.

दुसरी चूक. मी तिला वाक्य शिकवलं होतं: 'मुलाला विचारून सांगते.' वाया. तुमच्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. आता आमच्याकडे वाक्यच नाही. पैसे, आधार, ओटीपी, पोलीस, कोर्ट यांतला एक शब्द आला की लाल बटण. 'बरं, ठेवते हं' सुद्धा नाही.

हे सांगून जमत नाही, सराव लागतो. भाच्याला कामाला लावलं. तो आठवडाभर मित्रांच्या फोनवरून कधी बँक मॅनेजर, कधी कस्टमवाला बनून आजीला फोन करायचा. पहिल्या तीन वेळा आई म्हणाली, 'थांब हं बाळा, चष्मा घेते.' चौथ्या वेळी कापला. आता खऱ्या गॅसवाल्याचाही कापते. कापू दे की! गॅसवाला परत करतो.

पोलीस फोनवर अटक करत नाहीत. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार कायद्यात नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही तेच सांगितलं. हे वाक्य आईला मी रोज ऐकवायचो, पण खाकी दिसली की ते आठवत नाही. लाल बटण आठवतं.

फोन कापल्यावर मनात धाकधूक राहिली तर आपण फोन करायचा, पासबुकावर छापलेल्या नंबरवर. गूगलवर कस्टमर केअर शोधायचं नाही. तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. त्याहून बरं म्हणजे शाखेत चालत जा.

आणि 'तुमच्या मुलाचा अपघात झालाय' असा रडका आवाज आला तर? आवाजाची हुबेहूब नक्कल आता होते. आमच्या घरी त्यासाठी एक प्रश्न ठरलाय, ज्याचं उत्तर फक्त घरातल्यांना ठाऊक. काय ते इथे लिहीत नाही. वाढदिवस, गावाचं नाव असलं काही ठेवू नका, ते फेसबुकवर सापडतं.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. संध्याकाळी मुलगा आल्यावर बघू, असं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत अडवता येतात. व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा, मेसेज पुसू नका, बँकेला कळवा आणि सायबर गुन्हे बघणारं सीईएन पोलीस ठाणं गाठा. समोरून कन्नड आलं म्हणून बिचकू नका, गल्लीत कन्नड बोलणारं कुणी ना कुणी असतंच, त्याला सोबत घ्या.

तक्रार दिल्यावर आठ-दहा दिवसांनी कदाचित फोन येईल: 'तुमचे पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा.' तो त्याच टोळीतला असतो. कापा.